जुना चांदीचा डॉलर: ओळखायचा कसा, किंमत लावायची कशी

जुना अमेरिकी डॉलर हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती जुना आहे? दुसरा त्याच्याच पाठोपाठ येतो: मग लाखात जाईल का? व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या व्हिडिओंनी या दुसऱ्या प्रश्नाला भलताच जोर आणलाय. खरं तर वयाचा आणि किमतीचा संबंध अगदी जुजबी आहे. १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत पाडलेला डॉलर अजूनही कोरा करकरीत आणि ढिगाने मिळतो. याउलट त्याच्यानंतर ४७ वर्षांनी, १९२८मध्ये फिलाडेल्फियात पाडलेला डॉलर झिजलेला असला तरी त्याच्यापेक्षा महाग पडतो. भाव ठरतो तो तीन गोष्टींवर. नाणं कुठल्या टाकसाळीचं, त्या वर्षाची त्या टाकसाळीची नाणी आज किती उरलीत, आणि या एका नाण्याच्या पृष्ठभागाला कुणी हात लावलाय का.

हे सगळं घरबसल्या तपासता येतं. लागतं काय, तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत (०.०१) वजन दाखवणारा छोटा वजनकाटा, एक जोरदार लोहचुंबक आणि एकच दिवा.

आधी काय करू नये

नाणं धुऊ नका. चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, चांदी उजळवायचं द्रावण, यांतलं काहीही लावू नका. मऊ फडक्यानेही पुसू नका. आपल्याकडे चांदी काळी पडली की ती घासायची हा हाताला लागलेला संस्कार आहे आणि देवघरातल्या तबकाला तो ठीकही आहे. नाण्याच्या बाबतीत मात्र तोच संस्कार सगळ्यात महागात पडतो. टाकसाळीतून निघताना नाण्याच्या अंगावर धातू दाबला गेल्याच्या अतिसूक्ष्म रेषा असतात आणि झळाळी त्यांच्यामुळेच येते. एकदा घासलं की त्या रेषा गेल्या, त्या पुन्हा आणता येत नाहीत. संग्राहकांना काळपट, निळसर, सोनेरी छटा चढलेलं पण न छेडलेलं नाणं हवं असतं. चकाचक घासलेल्या नाण्याकडे ते बघतही नाहीत.

नाणं धरायचं ते कडेला, दोन बोटांत. खाली मऊ कापड असू द्या, कारण हा मोठा, जड तुकडा आहे आणि फरशीवर पडला तर किनारीला खळगा पडतोच.

नाणं कुठल्या घराण्यातलं?

अमेरिकेने डॉलर पाडायचं ठरवलं ते १७९२च्या नाणे कायद्याने. पहिले डॉलर १७९४मध्ये फिलाडेल्फियात तयार झाले, जेमतेम १,७५८. त्यातलाच एक २०१३च्या जानेवारीत लिलावात एक कोटी डॉलरच्या वर गेला. ही बातमी वाचून घरातला डबा उघडायची घाई करू नका. १७९४ ते १८०४ या काळातलं म्हणून जे नाणं बाजारात किंवा कुणाच्या कपाटात दिसतं, ते जवळपास नेहमी नक्कल असतं. १८०४ साल छापलेले अस्सल डॉलर जगात जेमतेम पंधरा-सोळा ज्ञात आहेत. त्यांतले पहिले काही तर १८३४च्या सुमारास, सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान अशांना भेट द्यायला मुद्दाम पाडलेले. त्यामुळे १८०४चा डॉलर कुणी दाखवला तर हसून चहा प्यावा आणि पुढच्या विषयाकडे वळावं.

यानंतर १८४० ते १८७३पर्यंत बसलेल्या लिबर्टीचा डॉलर चालला. लिबर्टी म्हणजे स्त्रीरूपातलं स्वातंत्र्य: एका खडकावर बसलेली स्त्री, हातात ढाल आणि काठीला टांगलेली टोपी. हे नाणं खरोखर कमी सापडतं आणि सापडलंच तर ते जाणकाराला दाखवायलाच हवं.

१८७३पासून याच्या जोडीला आला व्यापारी डॉलर. हा अमेरिकेतल्या बाजारासाठी नव्हता, चीनशी होणाऱ्या व्यापारासाठी होता. याच्यावर स्त्री बसते ती मालाच्या गाठोड्यांवर, आणि मागे इंग्रजीत वजन व कस स्वच्छ लिहिलेला असतो: ४२० ग्रेन (हे जुनं इंग्रजी वजन), ९०० कस (हजारात ९०० भाग चांदी). त्याचं वजन २७.२२ ग्रॅम, म्हणजे इतर डॉलरपेक्षा थोडं जास्त. चिनी सराफ आणि व्यापारी नाणं पारखलं की त्यावर आपला छोटा ठसा मारत, म्हणून यांतल्या अनेक नाण्यांवर चिनी अक्षरं ठोकलेली दिसतात. पूर्वी असं नाणं खराब झालेलं समजायचे. आता त्या ठशांचेच वेगळे शौकीन आहेत. नकली नाण्यांचा सुळसुळाट मात्र या प्रकारात सगळ्यात जास्त आहे. साल १८७३च्या आधीचं दिसलं तर पुढे काही तपासायची गरजच नाही.

इथे एक फसगत आपल्याकडच्या घरांत नेहमी होते. जुन्या डब्यातल्या मोठ्या चांदीच्या नाण्यावर इंग्रजीत ‘वन डॉलर’ लिहिलेलं असतं, त्रिशूळ धरून उभी असलेली ब्रिटानिया असते आणि मागे चिनी व मलाय लिपी असते. हा अमेरिकी डॉलर नव्हे. हा ब्रिटिश व्यापारी डॉलर, १८९५पासून बहुतांशी आपल्या मुंबईच्या टाकसाळीत पाडलेला. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर भिंगातून बघितलं तर मुंबईचं बारीक ‘बी’ अक्षर दिसतं. दुसरा सोंगाड्या म्हणजे मारिया थेरेसाचं चित्र असलेला ऑस्ट्रियाचा थेलर. त्यावर साल कायम १७८०च असतं, मग तो कधीही पाडलेला असो. १९४०-४१मध्ये तर तो मुंबईतही पाडला गेला. दोन्ही चांदीचीच नाणी आहेत, पण त्यांचा हिशोब वेगळा.

मॉर्गन डॉलर

शंभरातले बहुतेक लोक ज्याला ‘जुना डॉलर’ म्हणतात तो हाच. जॉर्ज मॉर्गन या खोदकाराने केलेला, १८७८ ते १९०४ आणि मग एकदाच १९२१मध्ये. छाप्यावर डावीकडे बघणारी लिबर्टी, डोक्यावर टोपी, केसांत गहू आणि कापूस, पट्टीवर ‘लिबर्टी’ हा शब्द. काट्यावर पंख पसरलेला गरुड, त्याच्या पायांत बाण आणि ऑलिव्हची फांदी, खाली अर्धगोल माळ. चेहऱ्यासाठी फिलाडेल्फियाची ॲना विलेस विल्यम्स ही शिक्षिका मॉर्गनपुढे बसली होती.

वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, कस ९०० म्हणजे सराफाच्या भाषेत ९० टंच, बाकी तांबं. शुद्ध चांदी भरते २४.०६ ग्रॅम. आपला व्हिक्टोरिया राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. तो शेजारी ठेवला की डॉलर किती भारदस्त आहे ते लगेच कळतं, वजनाला सव्वादोन पटींहून जास्त.

आता नाण्याची काट्याची, म्हणजे गरुडाची बाजू वर करा आणि माळेच्या गाठीखाली, ‘डॉलर’ शब्दाच्या ‘डी’ आणि ‘ओ’च्या वर बघा. तिथे एखादं बारीक अक्षर असेल किंवा जागा मोकळी असेल. मोकळी जागा म्हणजे फिलाडेल्फिया. ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘डी’ म्हणजे डेन्व्हर आणि ‘सीसी’ म्हणजे नेवाडातलं कार्सन सिटी. डेन्व्हरचा मॉर्गन फक्त १९२१चा असतो. कार्सन सिटीचा फक्त १८७८ ते १८८५ आणि १८८९ ते १८९३ या वर्षांचा. न्यू ऑर्लिन्सचा १८७९ ते १९०४. हे पाठच करून ठेवा. ‘१८८७ सीसी’ असं काही दिसलं तर ते नाणं टाकसाळीचं नाही, इतकं साधं आहे. साल आणि अक्षर कागदावर लिहून काढा. पुढचं सगळं या जोडीवर चालतं.

कार्सन सिटीचं आकर्षण समजण्यासारखं आहे. कॉमस्टॉकच्या प्रसिद्ध चांदीच्या खाणींजवळची ही छोटी टाकसाळ. १८७०मध्ये सुरू झाली, १८९३मध्ये तिथली नाणी बंद झाली. पण ‘सीसी’ दिसलं की दुर्मीळ, हेही खरं नाही. १८८४च्या सीसी डॉलरचंच बघा. पाडले ११,३६,०००. त्यांतले ९,६२,६३८ सरकारी तिजोरीत पिशव्यांतच पडून राहिले. मग १९७२ ते १९८० या काळात अमेरिकी सरकारच्या सामान्य सेवा खात्याने ते प्लॅस्टिकच्या खोक्यांत घालून लोकांना विकले. म्हणजे हे नाणं कोरं मिळणं सोपं आणि झिजलेलं मिळणं अवघड! तुमच्याकडचा सीसी डॉलर त्या मूळ सरकारी खोक्यात असेल तर तो अजिबात बाहेर काढू नका. खोक्याचीही किंमत येते.

आकडा कितीचा आणि उरली किती

नवखे लोक इंटरनेटवर ‘किती नाणी पाडली’ तो आकडा शोधतात आणि त्यावरून भाव बांधतात. मॉर्गनच्या बाबतीत ही पद्धत सपशेल फसते. याचं मोठं कारण आपल्या देशाशी जोडलेलं आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून प्रचंड माल उचलला. त्याचे पैसे इथे रुपयांत चुकते करायचे होते. नोटा छापल्या, पण नोट दिली की सरकारने चांदीचे रुपये द्यायचे असा नियम, आणि लोकांना कागदापेक्षा चांदीवर भरवसा. १९१८च्या सुरुवातीला मुंबईच्या चलन कार्यालयात लोकांनी नोटा मोडायला रांगा लावल्या आणि तिजोरीतली चांदी आटत चालली. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरले. एप्रिल १९१८मध्ये अमेरिकी काँग्रेसने पिटमन कायदा केला आणि तिजोरीतले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या जवळपास २६ कोटी डॉलरची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली गेली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळींत तिचे पंचम जॉर्जचे रुपये झाले. आजीच्या पेटीतल्या १९१८च्या रुपयात एखादा मॉर्गन विरघळलेला असणं अगदी शक्य आहे.

वितळवताना कुठल्या सालाचे, कुठल्या टाकसाळीचे डॉलर भट्टीत गेले याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे कागदावर लाखोंनी पाडलेलं नाणं आज शोधून सापडत नाही, आणि थोडं पाडलेलं नाणं पिशव्यांत शाबूत राहिलेलं असतं. १८९५ सालच्या फिलाडेल्फियाच्या डॉलरची सरकारी नोंद १२,००० आहे, पण चलनासाठी पाडलेला असा एकही अस्सल डॉलर आजवर समोर आलेला नाही. सापडतात ते संग्राहकांसाठी खास पाडलेल्या ८८० प्रूफ नाण्यांपैकीच.

उलटा धक्काही बसलेला आहे. न्यू ऑर्लिन्सचा १९०३चा डॉलर एके काळी मॉर्गनमधला राजा समजला जाई, कोऱ्या नाण्याचा भाव दीड हजार डॉलरपर्यंत गेला होता. १९६२च्या शेवटी सरकारने वर्षानुवर्षं सीलबंद असलेल्या पिशव्या बाहेर काढल्या आणि त्यांत हेच नाणं गच्च भरलेलं निघालं. भाव काही दिवसांत कोसळला. नाण्यांत पैसे ‘गुंतवायचा’ सल्ला देणाऱ्यांना ही गोष्ट जरूर ऐकवावी.

पिटमन कायद्यात वितळवलेल्या डॉलरच्या जागी नवे पाडायचे असंही कलम होतं. म्हणून १९२१मध्ये १७ वर्षांनी मॉर्गन पुन्हा सुरू झाला आणि एकट्या फिलाडेल्फियात साडेचार कोटींच्या जवळपास पाडला गेला. तेव्हा तुमच्या हातात १९२१चा मॉर्गन असेल, आणि नवख्याच्या हातात बहुतेक वेळा तोच असतो, तर तो प्रेमाने ठेवा. चांदीच्या भावापेक्षा फार जास्त मिळेल अशी आशा ठेवू नका.

खरोखर जपायची मॉर्गनची सालं थोडी आहेत: १८७९ सीसी, १८८९ सीसी, १८९३ एस, १८९४ अक्षराविना, १८९५ची तिन्ही (अक्षराविना, ओ आणि एस). त्यांत १८९३ एस सगळ्यात वरचं. फक्त एक लाख पाडले आणि झिजलेल्या नाण्याचेही हजारो डॉलर होतात. म्हणूनच १८९३च्या साध्या नाण्यावर ‘एस’ चिकटवण्याचा उद्योग वर्षानुवर्षं चाललाय. अस्सल १८९३ एसची एक खूण भिंगातून दिसते. ‘लिबर्टी’ शब्दातल्या ‘टी’च्या वरच्या भागात ठशामुळे आलेली एक बारीक तिरकी उठावदार रेघ असते. ती दिसत नसेल तर शंका घ्या. दिसली तरी पैसे मोजण्याआधी तपासून घ्याच.

आणखी एक जमात लक्षात ठेवा. १८८४ एस आणि १८९२ एस ही नाणी झिजलेली असतील तर साधीच. पण कोरी असतील तर भाव कितीतरी पटींनी चढतो, कारण ती पिशव्यांत राहिलीच नाहीत, बाजारात खर्चली गेली.

शांतता डॉलर

१९२१च्याच डिसेंबरात मॉर्गनची जागा नव्या डॉलरने घेतली. युद्ध संपल्याची खूण म्हणून त्याचं नाव पीस डॉलर. अँथनी डी फ्रान्चिशी या शिल्पकाराने आपल्या पत्नीच्या, टेरेसाच्या चेहऱ्यावरून लिबर्टी घडवली. डोक्यावर किरणांचा मुकुट, मागे खडकावर विसावलेला गरुड आणि त्या खडकावर ‘पीस’ हा शब्द. छाप्यावर ‘ट्रस्ट’ या शब्दात ‘यू’ऐवजी ‘व्ही’ दिसेल. ती चूक नाही, जुन्या रोमन वळणाची नक्कल आहे. ‘चुकीचं छापलेलं दुर्मीळ नाणं’ म्हणून कुणी विकायला आलं तर ओळखून असा.

सालं १९२१ ते १९२८ आणि पुढे १९३४, १९३५. मधली सालं नाहीतच. टाकसाळीचं अक्षर काट्यावर ‘वन’ शब्दाच्या खाली. जपायची तीन: १९२१ (उठाव जास्त असलेलं, दहा लाखांच्या आसपास), १९२८ अक्षराविना (३,६०,६४९) आणि १९३४ एस. १९२२ आणि १९२३ची फिलाडेल्फियाची नाणी इतकी आहेत की दुकानदार ती मोजत नाहीत, तोलतात.

दिसायला डॉलर, चांदी नाही

१९७१ ते १९७८चा आयझेनहॉवरचा डॉलर तितकाच मोठा असतो, पण चलनातला तांबं-निकेलचा. किनारीला तांब्याची लाल पट्टी दिसते, वजन २२.६८ ग्रॅम. सॅन फ्रान्सिस्कोने संग्राहकांसाठी ४० टक्के चांदीचेही पाडले. त्यांचं वजन २४.५९ ग्रॅम. नुसतं ‘एस’ अक्षर बघून चांदी समजू नका, वजनकाट्यावर ठेवा. १९७९नंतरचे सुसान अँथनी आणि सोनेरी रंगाचे सॅकॅजेवियाचे डॉलर यांत चांदीचा कणही नाही.

१९८६पासूनचा सिल्व्हर ईगल मात्र शुद्ध चांदीचा, ३१.१ ग्रॅम, ९९९ कस. तो जुना नव्हे, चांदीच्या भावाने चालणारा. २०२१पासून मॉर्गन आणि पीस डॉलर नव्याने निघालेत, तेही ९९९ कसाचे. त्यांच्यावर साल २०२१ किंवा पुढचं स्पष्ट असतं, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही.

खरं की खोटं

आधी वजन. मॉर्गन किंवा पीस डॉलर २६.७३ ग्रॅम असायला हवा. खूप झिजलेला २६च्या आसपास येऊ शकतो. कोरं करकरीत दिसणारं नाणं २५ ग्रॅम भरत असेल तर ते नकली. मग लोहचुंबक. नाणं चिकटलं तर प्रश्न मिटला. चिकटलं नाही म्हणून खरं ठरत नाही. नाणं तिरकं धरून त्यावरून छोटं, जोरदार चुंबक घसरू द्या. चांदीवरून ते रेंगाळत उतरतं, पितळेवरून झटकन.

सगळ्यात उपयोगी पडते ती पाण्याची परीक्षा. वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं पाण्यात लोंबकळत धरा. काटा दाखवेल तो आकडा लिहा आणि नाण्याच्या वजनाला त्याने भागा. ९० टंच चांदीचं उत्तर १०.३च्या आसपास येतं. पूर्ण वजनाच्या अस्सल डॉलरचा पाण्यातला आकडा २.५९च्या जवळ असतो. तांबं-निकेलच्या नकली नाण्याचा तोच आकडा ३च्या आसपास जातो. दोरा बांधताना नाण्यावर ओरखडा उठणार नाही एवढं बघा, आणि नंतर नाणं पुसू नका, मऊ कापडावर आपोआप सुकू द्या.

हे सगळं पार केलं तरी एक पळवाट उरते. खऱ्या चांदीचंच नकली नाणं, किंवा खऱ्या नाण्यावर चिकटवलेलं अक्षर. त्यासाठी भिंगच. अक्षराच्या पायथ्याशी फट, वेगळा रंग, आजूबाजूला घासल्याच्या खुणा, किनारीला जोड दिसला तर समजा. अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे नकलेवर ‘कॉपी’ असं कोरलेलं असायला हवं. पण परदेशातून येणाऱ्या मालाला हा कायदा कुठे ठाऊक.

झीज कशी वाचायची

एका दिव्याखाली नाणं हलकेच फिरवा. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे मध्यातून निघून चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. ते अखंड फिरत असतील तर नाणं चलनात गेलेलं नाही. उंच भागांवर पट्टा तुटत असेल तर थोडी झीज झाली. मॉर्गनवर बघायच्या जागा म्हणजे कानावरचे केस, गाल आणि गरुडाच्या छातीची पिसं. पीस डॉलरवर कानाजवळचे केस आणि पंखाची कड.

गालावर खूप ओरखडे आणि टोचे दिसले म्हणजे नाणं वापरलेलं, असं नाही. हजार-हजार डॉलर एका कापडी पिशवीत भरत. ती पिशवी सत्तावीस किलोंच्या आसपास, आणि ती आपटत-फेकत एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत जायची. कोऱ्या नाण्यांवरचे खळगे तिथले.

दर्जा मोजायची १ ते ७० ही पट्टी विल्यम शेल्डनने १९४९मध्ये तांब्याच्या सेंटसाठी काढली. तीच आता सगळीकडे चालते. ६० ते ७० म्हणजे कोरं. ५० ते ५८ म्हणजे जेमतेम वापरलेलं. वीस-तीस म्हणजे बरीच झीज, पण नक्षी शाबूत. आपल्या नाण्याला आपणच अंक द्यायचा असेल तर मनात येईल त्यापेक्षा एक पायरी खालचा द्या. स्वतःच्या नाण्याकडे सगळेच दयाळू नजरेने बघतात.

धुतलेलं नाणं कसं कळतं? झिजलेलं असूनही सगळीकडे सारखं चमकतं, अक्षरांच्या कोपऱ्यांतही मळ नसतो, आणि भिंगातून एकाच दिशेच्या केसासारख्या रेषा दिसतात. आपल्याकडे आणखी एक दोष नेहमी दिसतो. माळेत ओवायला किंवा पदकासाठी किनारीला लावलेली कडी, नंतर काढलेली. डाग दिल्याची जागा बोटाला लागते. अशा नाण्याचा भाव मोडीवर येतो, मग साल कितीही भारी असो.

भाव

खालची मर्यादा म्हणजे मोडीचा भाव. आजचा शुद्ध चांदीचा किलोचा दर घ्या, हजाराने भागा, २४.०६ने गुणा. दर किलोला एक लाख धरला तर एका डॉलरची चांदी २,४०६ रुपयांची. दर ट्रॉय औंसाचा (३१.१ ग्रॅमचं परदेशी माप) असेल तर त्याला ०.७७३४ने गुणायचं. झिजलेल्या नाण्याला अमेरिकेतले दुकानदार ०.७६५ धरतात. सराफ याहून थोडं कमी देणार, ९० टंच म्हणून आणि वर घट म्हणून.

वरची बाजू साल, अक्षर आणि दर्जा यांवर. त्यासाठी झालेल्या विक्रीचे भाव बघा, मागितलेले नव्हे. ईबेवर ‘विकले गेलेले’ असा पर्याय निवडता येतो. हेरिटेजसारख्या लिलावगृहांचे जुने निकाल जालावर खुले आहेत. पीसीजीएस या दर्जा देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक सालाची, अक्षराची छायाचित्रं आणि भाव मिळतात. कुणी एखाद्या १९२१च्या डॉलरला दहा हजार मागतोय याला काडीचाही अर्थ नाही. किती जणांनी किती दिले ते महत्त्वाचं.

पीसीजीएस आणि एनजीसी या दोन संस्था नाणं पारखून, अंक देऊन प्लॅस्टिकच्या बंद कुपीत घालतात. त्याला फी, विमा आणि टपालखर्च लागतो. म्हणून ज्या नाण्याची किंमत या सगळ्या खर्चाच्या निदान तिप्पट आहे, तेच पाठवावं असं मला वाटतं. साध्या १९२१साठी हा उपद्व्याप नको. पण सीसी किंवा वर सांगितलेली मोठी सालं विकत घ्यायची तर कुपीतलीच घ्या. सुट्ट्यात घेण्याचं धाडस पहिली काही वर्षं तरी करू नका. कुपीचीही नक्कल होते, तेव्हा तिच्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून छायाचित्र जुळतंय का बघायचं.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं कुठलंही नाणं पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला परवानगी नाही. कायद्यात ‘नाणं’ असं म्हटलंय, नाणं कुठल्या देशाचं याचा उल्लेख नाही. म्हणजे आजोबांच्या पेटीतला १८८५चा मॉर्गन मूळ अमेरिकेचा असला तरी तो अमेरिकेला दर्जासाठी टपालाने पाठवणं किंवा पुतण्याच्या बॅगेत घालून देणं अंगाशी येऊ शकतं. आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. अमेरिकेत राहणाऱ्यांना ही अडचण नाही. तिथे गावातल्या नाण्यांच्या दोन-तीन दुकानांत दाखवा आणि पहिल्याच दुकानात होकार देऊ नका.

ठेवायची व्यवस्था सोपी आहे. ३८ मिलिमीटरच्या कडक कुप्या मिळतात, त्या घ्या. मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं वापरू नका, त्यांतलं पीव्हीसी काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर धरतं. तसा थर आधीच बसला असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणं थोडा वेळ बुडवून न घासता बाहेर काढायचं, खिडकी उघडी ठेवून आणि जवळपास गॅस किंवा निरांजन पेटलेलं नाही याची खात्री करून. कोकणात किंवा मुंबईत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि पावसाळा सुरू झाला की त्या बदला.